झिरो कुठं धरला?

बारा जानेवारी, सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटं. पुण्यातल्या माझ्या खोलीत चहाचं आधण उकळत होतं आणि भोरहून बाबांचा फोन आला. बाबा फोनवर आधी नेहमी विचारतात, जेवलीस का. वेळ सकाळची असली तरी हेच विचारतात. त्या दिवशी ते एवढंच म्हणाले, "हिराक्का गेली गं..." हिराक्का म्हणजे माझी आत्या, बाबांची थोरली बहीण. रात्री झोपेतच गेली होती. आदल्या संध्याकाळी तिनं मला फोन केला होता, आणि त्यात तब्येतीविषयी अवाक्षर नव्हतं. विषय होता तिच्या गावात बांधायला काढलेल्या पाण्याच्या नव्या टाकीचा. "चौथरा लई खाली धरलाय त्यांनी," ती म्हणाली होती. "ह्या टाकीचं पानी वस्तीवर याचं न्हाई. रविवारी येतीयास का मोजायला?" मी म्हटलं, येते. तिनं फोन ठेवला. रविवार उजाडायला अजून पाच दिवस होते.

आत्याचं सासर वेल्ह्याच्या खोऱ्यातलं. भोरहून एसटीनं कापूरहोळ, तिथून मिळेल त्या जीपनं पुढे, आणि शेवटचा तुकडा पायी. गाव टेकडीच्या पोटाला आहे. मध्ये ओढा, आणि ओढ्याच्या पलीकडे आमच्या बौद्ध समाजाची बावीस-पंचवीस घरं. गावात या घरांना 'खालची वस्ती' म्हणतात. कागदोपत्री तिला दुसरं, चांगलं नाव आहे, पण बोलण्यात तेच. आत्याचे यजमान लवकर गेले, मूलबाळ नव्हतं. गडावर ट्रेकला येणाऱ्या पुण्याच्या लोकांसाठी रस्त्याकडेला जी जेवणाची हॉटेलं निघाली, त्यांतल्या एका हॉटेलात ती शनिवार-रविवार चुलीवर भाकऱ्या थापायची आणि उरलेल्या दिवशी दुसऱ्यांच्या खाचरात भाताच्या कामाला जायची. भोरला माहेरी ये, असं बाबा दरवर्षी म्हणत. ती म्हणे, "येते की. हितला नळ डोक्यावर घिऊन येऊ का?"

त्या नळाची गोष्ट सांगण्याआधी मला एका शब्दाविषयी लिहायचं आहे, कारण आत्याचं निम्मं आयुष्य त्या शब्दाशी भांडण्यात गेलं. शब्द इंग्रजी आहे, पण आता तो इंग्रजी उरलेला नाही: लेव्हल. आत्या 'लेवल' म्हणे. पावसाळ्यात पानशेतच्या धरणाची लेव्हल टीव्हीवर सांगतात. गवंडी फरशी लेव्हलमध्ये बसवतो. आत्याला साखरेचा त्रास सुरू झाला तेव्हा डॉक्टरांनी तिला शुगर लेव्हल सांगितली आणि ती दवाखान्याच्या पायरीवर बसून बाबांना म्हणाली, "बघ, माझी साखर तरी वरच्या लेवलला गेली." हे झाले मोजता येणारे अर्थ. दुसरे अर्थ मोजता येत नाहीत, तरी तेच जास्त बोलले जातात. अमक्याची लेव्हल काय आणि तमका बोलतो काय. लेव्हल बघून सोयरीक करावी. आपल्या लेव्हलनं राहावं. हॉटेलात एकदा पुण्याच्या एका मुलानं पिठल्याचा घास घेतला आणि ओरडला, "मावशी, पिठलं नेक्स्ट लेव्हल!" आत्यानं भाकरी उलटवत विचारलं, "म्हंजी काय रं?" त्यानं सांगितलं, म्हणजे पुढच्या पायरीचं. "मग त्याच्या फुडचं पन हाय," आत्या म्हणाली, "पर त्याला तिखाट सोसावं लागतं." मुलानं हौसेनं ते मागवलं आणि नंतर दोन तांबे पाणी प्यायला. आत्या ही गोष्ट सांगताना तो कसा फुत्कारत होता त्याची नक्कल करायची, आणि दर वेळी त्याचा चेहरा थोडा अधिक लाल व्हायचा.

तर, नळ. गावाला टेकडीवर पाण्याची टाकी झाली आणि प्रत्येक आळीत नळ आला, त्या वर्षी मी अकरावीची परीक्षा देऊन सुट्टीला आत्याकडे गेले होते. नळाची लाइन ओढ्यापाशी येऊन थांबली होती. एक मेच्या ग्रामसभेत आत्या उठून उभी राहिली आणि वस्तीला नळ का नाही, असं तिनं विचारलं. मी मागे बायकांत बसले होते. पाणी-कमिटीचं काम बघणारे एक वजनदार गृहस्थ होते, त्यांना सगळे अण्णा म्हणत. अण्णा रागीट नव्हते, उलट हसतमुख होते, आणि त्यामुळे त्यांच्याशी भांडणं अवघड होतं. ते म्हणाले, "हिराबाई, द्यायला आमची ना न्हाई. पर तुमची वस्ती पडली चढाला. पानी काय पायानं चालत येतंय व्हय? लेवल बसत न्हाई तुमची." शेवटचं वाक्य त्यांनी कोणत्या अर्थानं उच्चारलं हे त्यांनाच ठाऊक, पण सभेनं ते दोन्ही अर्थांनी ऐकलं आणि हशा पिकला. आत्यानं हशा संपू दिला. मग म्हणाली, "अण्णा, आमच्या आज्या-पंज्यापासनं आमाला खालची वस्ती म्हनत आलाय. आन् पानी द्याची येळ आली की आमी वर गेलो व्हय?"

अण्णांनी घाईनं पुढचा विषय काढला. पण मला खरा धक्का बसला तो त्या संध्याकाळी. वस्तीतल्या बायकाच आत्याला समजावू लागल्या, की अण्णा म्हणतात ते खरं आहे, वस्ती चढालाच आहे. "कंबर सांगती की," एक जण म्हणाली. "वड्यातनं वर येताना जीव जातो." आणि आत्या, जिनं भर सभेत अण्णांना गप्प केलं होतं, ती खालच्या आवाजात म्हणाली, "चढ तर मलाबी लागतो..." मी त्या वेळी नुकतीच द्रवांच्या दाबाचं प्रकरण शिकले होते आणि सतरा वर्षांच्या मुलीला असतो तेवढा आत्मविश्वास माझ्यात होता. मी दोन दिवस बायकांबरोबर पाणी आणायला गेले. जाताना वस्तीतून ओढ्यात उतरायचं आणि पलीकडे गावाकडे चढायचं, तेव्हा हंडे रिकामे. येताना गावाकडून उतरायचं आणि वस्तीकडे चढायचं, तेव्हा हंडे भरलेले. म्हणजे या बायका गावाकडचा चढ आयुष्यभर रिकाम्या हंड्यानं चढल्या होत्या आणि वस्तीकडचा चढ भरल्या हंड्यानं. कमरेनं मोजलं होतं ते ओझं, उंची नव्हे. गावातल्या पुरुषांनी तर वस्तीचा चढ कधी चढून पाहिलाच नव्हता; त्यांनी ऐकीव माहितीवर पाण्याचा निकाल लावला होता. पाइप ओढ्यात कितीही खोल उतरला तरी पाणी पलीकडे पुन्हा चढतं, अट एवढीच, की त्याचा शेवट टाकीच्या तोंडापेक्षा खाली हवा. मी हे आत्याला चुलीपाशी राखेत रेघा ओढून समजावलं. तिनं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "राखंत न्हाई. रस्त्यावर मोजून दाव."

जवळच एका पुणेकराचा बंगला बांधला जात होता. तिथल्या गवंड्याकडून आत्यानं लेव्हलची नळी मागून आणली: पन्नास फुटांची पारदर्शक नळी, पाण्यानं भरलेली. दोन टोकं दोन माणसांनी धरायची, पाणी स्थिरावलं की दोन्हीकडे एकाच उंचीवर येतं. आम्ही दोन सरळ काठ्यांवर शिंप्याच्या टेपनं खुणा केल्या, टाकीतून पाइप निघतो त्या तोंडाला शून्य धरलं आणि तिथून टप्प्याटप्प्यानं रस्ता मोजत निघालो. मी पुढच्या काठीशी, आत्या मागच्या. रस्त्यानं जाणारी माणसं विचारायची, "काय हिराबाई, रस्ता इकत घेताय का?" आत्या म्हणायची, "तुमी इकाय काढलाय आसं ऐकलं." नळीतलं पाणी हलायचं, मी ओरडायचे, आत्या, श्वास रोख. "श्वास रोखून रोखून मीच गेले, तर पानी कुनाला दिशील?" असं म्हणून ती हसायची आणि पाणी आणखी हलायचं. दुपार टळताना आम्ही तिच्या दारातल्या फरशीवर पोचलो. बेरीज-वजाबाकी केली. फरशी टाकीच्या तोंडापेक्षा नऊ फूट खाली होती. मी आकडा पुन्हा तपासत होते, तोवर आत्या पदर खोचून ओढा ओलांडून गेलीसुद्धा, आणि दुकानाच्या कट्ट्यावर बसलेल्या दहा-बारा जणांसमोर, अण्णांसकट, तिनं जाहीर केलं: नऊ फूट!

ती परत आली तेव्हा मी नळीची दोन्ही टोकं शेजारी-शेजारी धरून बसले होते. अशी धरली की दोन्हींतलं पाणी एका रेषेत दिसलं पाहिजे. दिसत नव्हतं. दोन बोटांचा फरक होता. नळीच्या वेटोळ्यात लांबट बुडबुडा अडकलेला होता. तो केव्हा शिरला, किती टप्पे त्यानं बिघडवले, कळायला मार्ग नव्हता. मी तिला सांगितलं. ती समोर बसली. "म्हंजी आपुन वरबी आसू शकतो?" असू शकतो, मी म्हटलं. "हे आजून कुनाला ठावं हाय?" कुणालाच नाही. तिनं नळीचं वेटोळं मांडीवर ओढलं. तिच्यापुढे काय होतं ते मला तेव्हाही कळत होतं: गप्प राहिली असती तर नऊ फुटांचा आकडा गावभर झालेलाच होता. बोलली असती तर वस्तीचा नळ पुन्हा अधांतरी, आणि वर अण्णांचं हसू. शेवटी ती एवढंच म्हणाली, "नऊ म्हनून पानी आनलं आन् आलंच न्हाई, तर मग परत कुनी मागायचं नाव काढल का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्याच कट्ट्यासमोर उभी राहिली. "कालचा आकडा चुकला. नळीत हवा व्हती. आज परत मोजनार हाये. ज्याला बघायचं त्यानं यावं." अण्णांना ही पर्वणीच होती. "म्हंजी हिराबाई, कालचा निकाल रद्द?" "रद्द," आत्या म्हणाली. "तुमच्या इलेक्शनात कधी झालंय का आसं, आठवून सांगा." कट्टा हसला, आणि या वेळी अण्णांवर. मग तिनं काठी त्यांच्याच हातात दिली. "तुमीच धरा. मागनं म्हनू नगा बाईनं काठी हालवली." काठी नाकारली असती तर लोकांनी नावं ठेवली असती, म्हणून अण्णांनी धरली. टाकीपासून वस्तीपर्यंत उन्हात ते आमच्याबरोबर चालले, वाकले, खुणा वाचत गेले. नळीत बुडबुडा नाही ना, हे प्रत्येक टप्प्याला त्यांनी स्वतः पाहिलं. ओढ्यातून वस्तीकडे चढताना ते सहज बोलून गेले, "हितं तर काय इशेष चढच न्हाई..." आणि मागून येणाऱ्या बायकांपैकी एक म्हणाली, "डोस्क्यावर हंडा घ्या की अण्णा, मंग लागंल." आकडा आला: चार फूट सात इंच. नऊच्या जवळपास निम्मा, पण खालीच. आत्यानं अण्णांच्या हातातली काठी घेतली. "वाचा," ती म्हणाली. "मोठ्यानं वाचा." अण्णांनी वाचलं.

पाणी त्यानंतरही लगेच आलं नाही. तीन ग्रामसभा, दोनदा तालुक्याच्या ऑफिसात खेटे, एकदा पाइप आला आणि तो दुसरीकडेच वापरला गेला. पण 'लेव्हल बसत नाही' हे वाक्य परत कुणी उच्चारलं नाही. पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाला आत्याच्या दारात नळाला धार आली. बारीक होती, कारण चार फूट सात इंचाला जेवढी धार येते तेवढीच येणार. आत्याला ती पुरली.

मी पुढे भौतिकशास्त्र घेतलं, मग जलशास्त्र. आता पाणी-वितरणावर संशोधन करते आहे. मला या विषयात पुष्कळ पुढे जायचं आहे आणि हे मी नम्रतेनं झाकत नाही. पुण्यातल्या पहिल्या वर्षी वसतिगृहात एका मुलीनं माझ्यासमोरच दुसरीला सांगितलं होतं, की यांना प्रवेश मिळतो, पण यांची लेव्हल नसते. रात्री आत्याला फोन करून रडले. मला वाटलं ती समजूत घालेल किंवा चिडेल. तिनं विचारलं, "झिरो कुठं धरला व्हता तिनं?" मला आधी कळलंच नाही. "आगं, आपुन टाकीचं त्वांड झिरो धरलं, तवा आपली फरशी कुठं ते कळलं. तिनं कुठनं मोजलं? इचार की तिला." मी विचारलं नाही. पण त्यानंतर त्या शब्दानं मला रडवलं नाही. विज्ञानात कोणतीही पातळी सांगताना ती कशापासून मोजली हे सांगावंच लागतं, नाहीतर आकडा निरर्थक. तोच शब्द माणसांना लावला की लोक नेमकं हेच गाळतात. शून्य आपल्या पायाखाली धरतात आणि ते सांगत नाहीत. इतरांनी मग जन्मभर आपण वर की खाली, याचा हिशोब त्या न सांगितलेल्या जागेपासून करायचा... आत्यानं तसा हिशोब करायला ठाम नकार दिला.

तिच्या जलदान विधीला सगळे जमले. भंतेजींनी पाणी सोडलं तेव्हा भांड्यात तिच्याच दारातल्या नळाचं पाणी होतं. विधीविषयी मला आदर आहे. पण त्या क्षणी माझ्या मनात आलं, की हिच्याइतकं दानाच्या विरुद्ध दुसरं माणूस नसेल. पाणी तिनं जन्मात कुणाकडून दान म्हणून घेतलं नाही.

विधी उरकल्यावर अण्णा आले. आता थकले आहेत, काठी टेकत येतात. वस्तीचा चढ त्यांना आता खरोखरच लागतो. माझ्याशेजारी बसून म्हणाले, "बाई भांडली, पर खोटं न्हाई बोलली कधी." मग ओढ्यापलीकडे बघत म्हणाले, "नव्या चौथऱ्याचं काँक्रीट गुरवारी पडनार हाय, पोरी. तुला म्हाईत आसावं म्हनून सांगितलं." जुनी टाकी गळते, म्हणून नवी बांधत आहेत, रस्त्यालगत, कारण तिथवर ट्रक जातो. यात कुणाचा कट आहे असं मी म्हणत नाही. सोयीची जागा धरली. सोय कुणाची, हे मोजलं नाही... अण्णा उठताना मी विचारलं, चौथरा खाली धरलाय, हे तुम्ही कमिटीला सांगितलंत का? ते म्हणाले, "मी सांगून काय हुतंय? माझं आता कोन ऐकतंय? आकडा दे त्यांला."

संस्थेतून मी दुर्बिणीचं लेव्हल यंत्र घेऊन आले होते. रविवारी येते असा शब्द दिला होता, आठवडा उलटला असला तरी शब्द होता. या वेळी पट्टी धरायला वस्तीतल्या दोघी जणी होत्या, आणि बायकांचा घोळका बरोबर चालत होता. ठेकेदाराच्या माणसानं विचारलं, कुणाच्या परवानगीनं मोजताय? "रस्ता इकत घेतोय," एकीनं सांगितलं. दोन तासांत काम झालं. चौथऱ्याच्या आखलेल्या उंचीवरून टाकीचं तोंड कुठं येईल, ते गणित मी तिथेच केलं, उलट दिशेनं परत मोजून पडताळलं. नवी टाकी त्या चौथऱ्यावर बसली तर वस्तीच्या नळाला पाणी येणार नाही. धार बारीक होणार नाही, बंद होईल. आत्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं ते बरोबर होतं. मी आकडे लिहून तालुक्याच्या ऑफिसात दिले, पोच घेतली, आणि बुधवारी संध्याकाळी कळलं की काम ठरल्याप्रमाणे होणार आहे.

गुरुवारी काँक्रीटची गाडी आली तेव्हा चौथऱ्याच्या लोखंडी सळयांवर वस्तीतल्या एकोणीस बायका बसल्या होत्या. घोषणा नाहीत, बॅनर नाही. कुणी भाजी निवडत होतं, कुणी मोबाईलवर बोलत होतं. मीही बसले होते. गाडी दोन तास घरघरत उभी राहिली आणि गेली. दुपारी तालुक्याहून अभियंते आले. माझ्याच वयाचे, घाईत असलेले. त्यांनी माझा कागद पाहिला आणि जरा वैतागून विचारलं, "मॅडम, तुम्ही झिरो टाकीच्या तोंडाला का नाही धरला? सगळे तिथंच धरतात." मी म्हटलं, यंत्र तुमच्याकडेही आहे, तुम्ही तिथून मोजा, फरक तेवढाच येईल. त्यांनी मोजलं. तेवढाच आला. चौथरा किती उचलायचा यावर आता बैठक लागली आहे आणि तिथे आम्ही सगळ्या जाणार आहोत. आत्याचं घर सध्या बंद आहे, पण तिच्या दारातल्या नळावर शेजारणी रोज सकाळी पाणी भरतात. हंडे ठेवायला तिनं केलेली फरशी ओलीच असते. मी कागदावर नोंद केली ती अशी: हिराबाईंच्या दारातला नळ, शून्य. नव्या टाकीचं तोंड, उणे बासष्ट सेंटिमीटर.